ठासणीच्या रिव्हॉल्व्हरला टोपी कोणती? डब्बीवरचा नंबर सोडा, आधी निपल पाहा

भाऊ, तुम्ही प्रश्न दोन बंदुकांचा विचारला पण दुखणं एकच आहे म्हणून एकत्रच सांगतो. तुमचा दादा टेक्सासमध्ये राहतो, त्यानं 1858 च्या रेमिंग्टनची इटलीत बनलेली नक्कल घेतली, पिएट्टा कंपनीची, पॉइंट 44 ची. तिच्या निपलवर, म्हंजे घोडा जिच्यावर पडते अन् जिच्या भोकातून आग आत जाते त्या बारक्या नळीवर, सीसीआय कंपनीची 10 नंबर टोपी (बार पेटवणारी बारकी वाटी) घातली तर ती बुडापर्यंत बसत नाही अन् 11 नंबरची घातली तर नळी खाली केली की एखादी गळून पडते. पहिल्या वेळी घोडा पडला की नुसता टक् आवाज, दुसऱ्या वेळी बार. अन् इकडे वडिलांच्या लायसनवरची पीकसंरक्षणाची भरमार, नळीच्या तोंडातून भरायची बंदूक, तिचंही तेच, डुकरं तुरीत घुसलेली असतात अन् बार फुसका जातो. दोघांचा सवाल एकच, टोपी कोणत्या नंबरची घ्यायची.

मी बंदूक दुरुस्तीवाला, दुकान बापापासूनचं, लायसनचं. गिऱ्हाईक म्हंजे सगळे कास्तकार, जंगलाला लागून वावर असलेले, ज्यांना रात्री जागलीला जावं लागते. ठासणीचं रिव्हॉल्व्हर इकडे कोणाकडे पाहायला भेटत नाही, ते हातात आलं पोराकडे अमेरिकेला गेल्यावर, त्याच्याकडे 1851 च्या कोल्ट नेव्हीची उबर्टीवाली नक्कल आहे अन् तुमच्या दादासारखीच एक रेमिंग्टन. पोरगा रेंजवर जाते अन् मी बाजूला बसून फुटलेल्या टोप्या गोळा करून पाहत राहतो, त्याला वाटते बाबाले काही दुसरा धंदा नाही. पण बंदुकीचा आजार फुटलेल्या टोपीवर जेवढा दिसते तेवढा नव्या टोपीवर दिसत नाही.

तर पहिली गोष्ट, तो 10 अन् 11 नंबर डोक्यातून काढा. हे नंबर सरकारी मापाचे नाहीत, प्रत्येक कंपनीचा आपला हिशेब. एका कंपनीची 8 नंबरची चप्पल पायात चपखल बसते अन् दुसरीची 8 नंबर बोटं दाबते, तसंच आहे हे. सीसीआयची 10 नंबर अन् रेमिंग्टनची 10 नंबर (रेमिंग्टन नावाच्या टोप्याही येतात) ह्या दोन टोप्या शेजारी ठेवून पाहा, रेमिंग्टनवालीची भिंत लांब आहे, ती निपलवर खालपर्यंत उतरते अन् पकडून राहते. सीसीआयची 10 त्यामानानं आखूड अन् तंग. जर्मनीच्या आरडब्ल्यूएसवाल्यांनी तर हा 10-11 चा घोळच ठेवला नाही, त्यांच्या टोपीचा नंबर 1075. म्हणून कोणी नुसतं "10 नंबर घे" म्हटलं तर त्याला विचारायचं, कोणाची 10, अन् कोणत्या निपलवर?

हा निपलचा मुद्दा समजायला टोपी काम कशी करते ते माहीत पाहिजे. टोपी म्हंजे तांब्याची नाहीतर पितळेची बारकी वाटी, तिच्या बुडाला आतून मसाल्याचा पातळ थर. स्कॉटलंडच्या फॉर्सिथ नावाच्या एका पाद्र्यानं 1807 मध्ये ठोक्यानं पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं, वाटीच्या आकाराची टोपी त्यानंतर आली, अन् 1836 मध्ये अमेरिकेत कोल्टनं रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं तेव्हा ते ह्या टोपीच्याच भरवशावर. पहिले त्यात पाऱ्याचं फल्मिनेट राहायचं, मग क्लोरेटवाले मसाले आले, आता चांगल्या कंपन्यांच्या टोप्यांत शिशाचं स्टिफनेट राहते. मसाला कोणताही असो, तो काही नुसत्या घोड्याच्या मारानं पेटत नाही. तो घोडा अन् निपलचं टोक ह्या दोघांच्या मधात चिरडला पाहिजे. निपलचं टोक म्हंजे ऐरण. आता टोपी तंग असली अन् बुडापर्यंत गेलीच नाही, तर मसाला अन् ऐरण ह्यांच्या मधात फट राहते. घोडा पडला की त्याचा सारा जोर टोपीला खाली ढकलण्यात जाते, मसाला चिरडायला काही उरतच नाही. दुसऱ्या वेळी टोपी आधीच बसलेली राहते म्हणून बार होतो. दादाचा पहिला टक् अन् दुसरा बार म्हंजे नेमकं हेच. लोक म्हणतात टोप्या ओल्या झाल्या, टोप्या जुन्या आहेत. ओली टोपी दुसऱ्या ठोक्यालाही उडत नाही हो.

आता तुमच्या घरच्या बंदुकीकडे या, कारण तिच्यात टोपीच्या आधी निपल मेलेलं असायची शंका आहे मला. बंदूक हातात घेतली की सर्वात आधी ती रिकामी आहे का ते पाहा, अन् भरमार रिकामी आहे हे डोळ्यानं दिसत नाही. गज नळीत टाका, तोंडाशी जिथं येते तिथं बोटानं धरा, मग गज बाहेर काढून नळीला लावून पाहा, तो निपलच्या जागेपर्यंत पोचतो का. चार-सहा बोटं अलीकडेच थांबला तर आत बार आहे. मागच्या हंगामातला भरून विसरलेला बार असलेल्या बंदुका माझ्याकडे आजही येतात अन् आणणारा छातीठोक सांगते की रिकामी आहे. आत बार निघाला तर स्वतः काही खटपट करू नका, जाणकाराकडे द्या.

रिकामी आहे हे पक्कं झालं की निपलचं टोक भिंगातून पाहा, मोबाईलचा कॅमेरा झूम करूनही चालते. नवं टोक सपाट अन् काठ साफ राहते. तुमचं बहुतेक ठोकून पसरलेलं असणार, काठाला बाहेरून लोखंडाची कोर निघालेली. हे होते रिकामा घोडा पाडल्यानं. दसऱ्याला पूजेसाठी बंदूक निघते, हळद-कुंकू लागते, अन् मग घरातले सारे पोट्टे बारीबारीनं घोडा चढवून टकटक करतात, म्हातारे कौतुकानं पाहतात. टोपी नसताना घोडा थेट निपलवर पडते अन् दर ठोक्याला टोक थोडं थोडं चपटं होत जाते. पसरलेल्या टोकावर कोणतीच टोपी नीट उतरत नाही, मोठी टोपी घेतली तर ती टोकावर अडकते अन् खाली ढिली राहते. म्हंजे वरून तंग, खालून सैल. अशा निपलला तुम्ही दुनियेतली कोणतीही टोपी आणून द्या.

थोडीच कोर असली तर बारीक पॉलिश पेपरनं काढता येते, निपल खोलून, ड्रिलच्या चकमध्ये हलकं पकडून फिरवत, अन् दोन फेरे झाले की टोपी बसवून पाहायची, मग पुन्हा दोन फेरे. कानस लावून घासत सुटू नका, कमी झालेलं लोखंड परत येत नाही अन् मग टोप्या गळायला लागतात. जास्त चपटं असलं तर नवं निपल टाका, ते काही सोन्याचं नाही. खोलायला निपलचीच चावी घ्या, पक्कड नाही. जाम असलं तर आदल्या रात्री गंजाचं तेल सोडून ठेवा. निवडणुकीच्या टायमाला बंदुका ठाण्यात जमा होतात ना, त्या वापस आल्या की माझ्याकडे रांग लागते, कारण जमा करताना कोणी तेल लावून देत नाही अन् मधात पावसाळा गेला असला तर निपल आटे धरून बसते. जमा करायच्या आधी निपल खोलून आट्यांना थोडं ग्रीस लावून परत बसवलं तर हा ताप वाचते.

दुसरी तपासणी घोड्याच्या तोंडाची. जुन्या बंदुकीच्या घोड्याला आत वाटीसारखा खड्डा राहते, टोपी फुटली की तुकडे डोळ्यात जाऊ नये म्हणून तो दिलेला असतो. वर्षानुवर्षं मार खाऊन त्या खड्ड्याच्या बुडाला निपलच्या टोकाएवढा आणखी एक खड्डा पडते, मग घोड्याचा काठ आधी टेकते अन् टोकावर मारच बसत नाही. हे डोळ्यानं समजत नाही. दिव्यावर चमचा धरून काजळ काढा, ती बोटानं निपलच्या टोकाला लावा, अन् घोडा अंगठ्यानं धरून हळूच खाली टेकवा, पाडू नका. मग घोडा वर करून त्याच्या आत पाहा. मधोमध काळा गोल ठसा आला तर घोडा बरोबर. अर्धाच चंद्र आला तर घोडा तिरपा पडून राहिला. काहीच आलं नाही तर घोडा टोकापर्यंत पोचतच नाही, अन् तुम्ही मात्र टोपीला शिव्या देऊन राहिले. माझ्याकडे एका कास्तकारानं तीन जागच्या टोप्या आणून टाकल्या होत्या, सगळ्या फुसक्या म्हणून, ठसा घेतला तर एका बाजूला नखाएवढी काळी रेघ, बाकी साफ. घोडा ज्या खिळीवर फिरते ती झिजून घोडा डुलत होता. टोप्या एकदम चांगल्या होत्या.

रिव्हॉल्व्हरमध्ये निपलची ही तपासणी सहा वेळा करावी लागते, कारण निपल सहा आहेत अन् कंपनीतून आलेली सहाच्या सहा सारखी असतील ह्या भरवशावर राहू नका. दादाला म्हणा सिलिंडरच्या घरांना मार्करनं बारीक खुणा कर, अन् कोणत्या घरात फुसकं गेलं ते कागदावर लिहीत जा. दर वेळी त्याच एका-दोन घरांत जाते तर निपलचा दोष. कुठंही जाते, आज ह्या घरात उद्या त्या घरात, तर टोपीचा नंबर चुकला नाहीतर घोड्याची स्प्रिंग कमजोर. पोराच्या रेमिंग्टनमध्ये एकच घर त्रास द्यायचं, अन् ते समजेपर्यंत त्यानं टोप्यांच्या दोन कंपन्या बदलून टाकल्या होत्या. व्हर्निअरनं मापलं तर त्या एका निपलचं टोक बाकीच्यांपेक्षा केसभर जाड. पॉलिश पेपरचं काम, चहा होईपर्यंत झालं.

रिव्हॉल्व्हरचा घोडा रिकामा पाडून पाहायचा असला तर आधी कागदाची पट्टी मधात धरा. घोडा हळूच खाली सोडल्यावर कागद ओढून निघाला पाहिजे, म्हंजे घोडा अन् निपल ह्यांच्या मधात तेवढी बारीक जागा आहे. कागद दबून फाटला तर घोडा निपलवरच आपटते अन् थोड्या दिवसांत सहाही टोकं पसरतील. अन् कागदाच्या चार-पाच घड्या आरामात सरकल्या तर निपल आखूड पडून राहिलं, तिथं टोपी कितीही चांगली बसवा, मार कमीच बसणार.

आता ब्रँडचं सांगतो, तुम्हाला तेच पाहिजे होतं. पिएट्टाच्या कंपनीच्या निपलवर रेमिंग्टनची 10 नाहीतर आरडब्ल्यूएसची 1075, ह्या दोन बहुतेक नीट बसतात. सीसीआयची 10 तिथं तंग जाते अन् सीसीआयची 11 सैल, दादाला आला तोच अनुभव बाकीच्यांनाही येते. उबर्टीवर रेमिंग्टनची 10 बसते, सीसीआयची 11 पण पुष्कळ जण चालवतात. रुगर ओल्ड आर्मी म्हणून एक रिव्हॉल्व्हर 1972 ते 2008 पर्यंत बनत होतं, ते 10 नंबरवालं. हे सगळं कंपनीच्या मूळ निपलचं झालं, कोणी आधी निपल बदललं असलं तर हा हिशेब बाद. म्हणून सेकंडहँड घेतलं असलं तर आधीच्या मालकाला विचारायचं की निपल कोणती टाकलेली आहेत.

पण खरं सांगू का, मी दादाच्या जागी असतो तर टोप्या शोधत फिरलो नसतो. 2020 मध्ये रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली, तिचा दारूगोळ्याचा धंदा दुसऱ्या कंपनीनं घेतला, अन् त्या एक-दोन वर्षांत अमेरिकेतल्या लोकांना कोणत्याच टोप्या धड मिळत नव्हत्या. जी टोपी बसते तीच दुकानात नाही. त्यापेक्षा उलटं करायचं. आपल्या भागात कोणती टोपी वर्षभर भेटते ते आधी पाहायचं अन् त्या टोपीला बसणारी चांगली निपलं विकत घ्यायची. तिकडे ट्रेसो अन् स्लिक्स-शॉट म्हणून वेगळी निपलं मिळतात, कोणत्या टोपीसाठी ती बनवली ते विकणाराच सांगते. पिएट्टा अन् उबर्टीचे आटे 6 मिमीचे, पाऊण मिमी पिचचे, रुगरचे वेगळे, इंचाच्या हिशेबातले, आटे न पाहता ऑर्डर करू नका. सहा निपलांना एकदाच पैसे जातात, टोप्या तर दर महिन्याला घ्याव्या लागतात. निपलची भोकंही नवी बारीक भेटतात, हा फायदा वेगळाच. भोक जळून मोठं झालं की बार झाल्यावर आतला दाब मागं येते, घोड्याला उचलते अन् टोपीच्या चिंध्या करते.

टोपी बरोबर बसली हे ओळखायचं कसं? बोटानं टोपी निपलवर ठेवा, ती स्वतःहून अर्ध्यापर्यंत उतरली पाहिजे अन् मग दाबल्यावर बुडाला टेकल्याचं हाताला कळलं पाहिजे. अंगठ्यानं दाबू नका, लाकडाची बोथट काडी घ्या, बाभळीची असो की सागाची, तिनं दाबा, चष्मा घालून, नळी टार्गेटकडे ठेवून. हातोडी नाही, स्क्रूड्रायव्हर नाही, अन् घोडा टोपीवर टेकवून वरून अंगठ्यानं रेटायचं तर नावच काढू नका. काडीनं बसली नाही तर ती टोपी त्या निपलची नाही, एवढं मान्य करून टाकायचं. बसवल्यावर कडेनं पाहा, सहाही टोप्या एका उंचीवर दिसल्या पाहिजे, एखादी उंच दिसली तर तीच फुसकी जाणार. टोपीच्या भिंतीला चीर पडली तर तंग आहे. तंग अन् सैल दोन्ही तपासायला एक सोपी गोष्ट आहे, सिलिंडरच्या घरांत दारू न भरता, सिलिंडर रिकामं ठेवून, रेंजवर नुसत्या सहा टोप्या लावायच्या अन् पहिली उडवली की बाकीच्या पाच जागेवर आहेत का ते पाहायचं.

सैल टोपीला चिमटून थोडी लांबट करून बसवतात, हा उपाय सगळे सांगतात. चालते, पण मला पटत नाही. एक-दोन टोप्यांचं ठीक, रोज चिमटायची वेळ आली तर तुमचं माप चुकलेलंच आहे, अन् मसाला भरलेली वस्तू बोटात धरून मुद्दाम वाकडी करायची सवय लावून घ्यायची कशाला. चिमटलेली टोपी दोन बाजूंनी धरते अन् दोन बाजूंनी फट सोडते.

अन् फट सोडणं रिव्हॉल्व्हरमध्ये फार वाईट, भरमारीपेक्षा वाईट. भरमारीत एकच बार राहतो. रिव्हॉल्व्हरमध्ये एक घर उडते तेव्हा बाजूची पाच भरलेली राहतात. धक्क्यानं शेजारची टोपी गळून पडली तर निपलचं भोक उघडं, अन् आग तिथून आत गेली तर न फिरवलेलं घर उडते. साखळीनं बार होणं म्हणतात त्याला. आग समोरून जाते की मागून ह्याच्यावर तिकडचे लोक अजून भांडतात. माझं मत, दोन्ही दारं लावा. समोर गोळी एवढी तंग पाहिजे की आत दाबताना शिशाची बारीक कडी कापून निघाली पाहिजे, वरून ग्रीस नाहीतर खाली ग्रीसवाला नमदा, म्हंजे लोकरीची चकती, अन् मागं टोपी पक्की. भांडण त्यांना करू द्या.

फुटलेल्या टोप्यांचं मी वर बोललो. पोरानं सहा बार काढले की मी सिलिंडर पाहतो. चांगली बसलेली टोपी फुटल्यावर दोन-तीन पाकळ्या उघडून निपलवरच बसून राहते, नखानं निघते. तंग टोपीच्या चिंध्या होतात, अर्धी निपलवर अन् अर्धी कुठं गेली पत्ता नाही. तो अर्धा तुकडा कोल्टमध्ये घोड्याच्या खाचेतून आत पडते अन् घोडा पुढं पडतच नाही, नाहीतर सिलिंडर अडकते. कोल्टच्या घोड्याच्या तोंडाला एक खाच असते, घोडा चढवताना फुटलेली टोपी त्या खाचेला चिकटून निपलवरून ओढल्या जाते अन् मशीनमध्ये पडते. कोल्टवाले म्हणून घोडा चढवताना नळी आभाळाकडे करत होते, सिनेमात दिसते ती स्टाईल नाही, टोपीचा कचरा बाहेर पडावा म्हणून. रेंजवर नळी वर करायला परवानगी असते असं नाही, दादानं तिथल्या नियमानं चालावं. रेमिंग्टनला वरून लोखंडी पट्टी आहे अन् घोड्याची फट अरुंद, तिच्यात हा त्रास कमी, तरी बिलकुल नाही असं नाही.

मॅग्नम लिहिलेल्या टोप्या भेटतात, त्यात मसाल्याचा जोर जास्त. पायरोडेक्ससारखी नवी दारू पेटायला जड, तिला त्या उपयोगी पडतात. खऱ्या काळ्या दारूला त्यांची गरज नाही, रिव्हॉल्व्हरमध्ये उगाच चिंध्या वाढतात. अन् कॉलरवाली मोठी टोपी म्हंजे पलटणीच्या बंदुकांची, 1853 च्या एनफिल्डसारख्या, तिचं रिव्हॉल्व्हरशी काही नातं नाही. पण तुमच्या घरची भरमार फार जुनी असली तर निपल मोठं आहे का हे एकदा पाहून घ्या, मोठ्या निपलवर बारीक टोपी ठोकून बसवायचे प्रकार मी पाहिलेले आहेत.

पावसाळ्याचं थोडं सांगतो. जागलीला बसणारे माझे गिऱ्हाईक टोपी बसवल्यावर तिच्या बुडाभोवती मेण फिरवतात, जुना उपाय आहे अन् बरोबर आहे, फक्त मेण टोपीच्या आत जाऊ देऊ नका. आपल्याकडे पावसापेक्षा तेल टोप्यांना जास्त मारते. सीझन संपला की लोक नळीत, निपलमध्ये तेल ओततात अन् पुढच्या वेळी तसाच बार भरतात, मग तेल भोकात बसलेलं, आग आत जात नाही, नुसती टोपी फुटते. भरायच्या आधी नळी कोरडी पुसा, मग रिकाम्या बंदुकीत एक टोपी लावा अन् नळीचं तोंड जमिनीजवळ एखाद्या गवताच्या काडीसमोर धरून उडवा. काडी हलली तर वाट मोकळी. हलली नाही तर भोकात तार घाला. क्लोरेटच्या टोप्या वापरत असाल तर त्यांचं मीठ मागं उरते, ते हवेतलं पाणी ओढते अन् आठवड्यात गंज आणते, ते तेलानं निघत नाही, गरम पाण्यानंच धुवावं लागते, मग वाळवून तेल. डब्बी मूळचीच ठेवा, झाकण घट्ट, दारूपासून वेगळ्या पेटीत, कुलपात. मे महिन्यात टिनाच्या छताखाली नको अन् खिशात सुट्ट्या टोप्या तर नकोच, किल्ल्या अन् चिल्लर जिथं तिथं टोपी नाही.

फुसका बार गेला तर लगेच नळीत डोकावू नका. नळी त्याच दिशेला धरून मिनिटभर थांबा, कधीकधी आग आत सुलगत राहते अन् उशिरा बार होतो. मग जुनी टोपी काढून नवी लावा. अन् भरमारीला टोपी सर्वात शेवटी, जागेवर बसल्यावर. टोपी लावलेली बंदूक खांद्यावर टाकून धुऱ्यानं चालायचं नाही, जुन्या बंदुकीत घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवायची खाच झिजलेली राहते, पाय घसरला की संपलं. रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच घरं भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवतात, रेमिंग्टनला निपलांच्या मधात घोडा टेकवायला खाचा दिलेल्या आहेत, त्या वापरा.

टोप्या घरी बनवायचं कोणी सांगितलं, माचिसचा गूल नाहीतर खेळण्यातल्या टिकल्या घालून, तर त्याचं ऐकू नका. बोटं गेलेले लोक मी पाहिलेत अन् वरून तो गुन्हा. आपल्याकडे टोपी हा दारूगोळाच धरतात, 1959 च्या शस्त्र कायद्याखाली, लायसनवर जेवढ्या लिहिल्या तेवढ्याच अन् लायसनच्याच दुकानातून, पावती अन् नोंद करून घ्यायच्या. भरमारीचं लायसन पिकासाठी आहे, डुक्कर नाहीतर रोही (नीलगाय) मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, आवाज काढून पळवणं वेगळं अन् मारणं वेगळं.

अन् महत्त्वाचं, दादा दिवाळीला येईल तेव्हा तुमच्यासाठी तिकडून टोप्या आणतो म्हणेल. आणू देऊ नका. विमानात टोप्या अन् काळी दारू हातातल्या बॅगेतही चालत नाही अन् खालच्या बॅगेतही चालत नाही, अन् इकडे उतरल्यावर परवान्याशिवाय सापडला तर दिवाळी पोलीस ठाण्यात. अमेरिकेत 1968 च्या केंद्राच्या कायद्यानं असं ठासणीचं रिव्हॉल्व्हर जुन्या वस्तूत मोडते, राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत. त्याला तिथं ते मोकळं वाटते म्हणून तेच डोकं घेऊन इकडे येऊ नये, आपल्याकडे ठासणीचं असलं तरी रिव्हॉल्व्हर ते रिव्हॉल्व्हरच, लायसन लागतेच.

तर दादाला म्हणा, आधी सहाही निपल मापून त्याच्यातलं जाडं कोणतं ते सांग, मग रेमिंग्टनची 10 नाहीतर 1075 ची एकच डब्बी घेऊन पाहा, दोन्ही तिथं भेटत नसतील तर सीसीआयची 11 धरून तिला बसणारी निपलं मागव. तुम्ही घरची बंदूक रिकामी करून काजळीचा ठसा घ्या अन् मला फोटो पाठवा, एक घोड्याच्या आतला अन् एक निपलचा. निपलचा फोटो कडेनं काढा, वरून काढलेल्या फोटोत पसरलेलं टोक दिसत नाही.